बोंड हासलं आणि चहा थंड झाला

"बोंड हासलं वं! बोंड हासलं!"

धाड गावाच्या अलीकडे एसटी बंद पडली होती. ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून बसला होता, कंडक्टर लिंबाखाली आडवा झाला होता, आणि भगवंतराव, जे तेव्हा नुसतेच भगवंत होते आणि कृषी सहायकाच्या पहिल्यावहिल्या नेमणुकीवर निघाले होते, रस्त्याच्या कडेला नव्या बुटांवरची धूळ बघत उभे होते. तेवढ्यात बोंडं उकललेल्या उभ्या कपाशीतून ही हाक आली. बाई दिसली नाही. पदर घेतलेली डोकी तेवढी हलत होती, पांढऱ्यात पांढरी मिसळलेली. मग क्षणभर शांतता, आणि तीच हाक पुन्हा एकदा, पहिलीपेक्षा मोठी, जशी काही साऱ्या वावरानेच घातलेली.

त्या दुसऱ्या हाकेला आणखी एक गोष्ट घडली. भगवंत त्या वेळी बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायातला बूट पँटीच्या पोटरीला पुसत होता. हाकेसरशी तोल गेला आणि तो सराट्याच्या काट्यात बसला. ही गोष्ट मात्र भगवंतरावांनी उभ्या जन्मात कुणाला सांगितली नाही. माणसाने आयुष्यात काही तरी झाकून ठेवावं, आणि हे तर झाकलेल्याच ठिकाणी टोचलेलं होतं.

हाक मात्र त्यांनी जपली. नोकरी झाली, लग्न झालं, देशी कपाशी जाऊन बीटी आली. बीटीत अळी येणारच नाही असं सांगत भगवंतराव गावोगाव फिरले, आणि मग एका वर्षी बोंड फोडून पाहिलं तर आत गुलाबी अळी खुशाल बसलेली. त्या वर्षी बोंड हसलंच नाही, अळी हसली. लोकांनी उभी कपाशी उपटली. ज्या गावांत भगवंतरावांना लोक ओसरीवर बसवून पाणी देत, तिथे ते दिसले की माणसं म्हशीला हाक मारल्याचं निमित्त करून गोठ्यात जाऊ लागली. तशातच ते निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला. अळीचं उत्तर तेवढं राहून गेलं.

ते उत्तर द्यायचं म्हणून खामगावच्या घरी त्यांनी मोबाईलवर कोर्स सुरू केला. नाव ठेवलं 'बोंड हासलं'. शिकवण साधी होती: दुकानात जायच्या आधी वावरात जा, फवारणीची बाटली उघडायच्या आधी बोंड उघड. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ते धाडच्या त्या अनोळखी माउलीची गोष्ट सांगत आणि डोळे मिटून म्हणत, "मित्रहो, दुसऱ्यांदा हाक मारली ती त्या बाईनं नव्हे, काळ्या आईनं." सराट्याचा उल्लेख नसे.

छायाचित्रणाची व्यवस्था अशी की तांदळाचा डबा, त्यावर मसाल्याचा डबा, त्यावर मोबाईल. त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असलं की घरात फोडणी बंद. अन्नपूर्णाबाईंना मोहरी लागली तरी कपाशीला पातं, म्हणजे कळी, लागेपर्यंत थांबावं लागे. त्या चहा तेवढा करून ठेवत आणि भगवंतराव नेमके रंगात आले की आतून आवाज येई:

"आहो, चहा थंड होऊन राह्यला!"

हे वाक्य प्रत्येक भागात होतं. कापायचा प्रयत्न केला तर त्याच्यासोबत अळीही कापली जाई. भगवंतरावांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी चहा सोडतो म्हणाले. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "सोडा. मंग मी म्हनीन, दूध थंड होऊन राह्यलं."

तरी कोर्स चालला. चिखलीपासून संग्रामपुरापर्यंतचे लोक फोन करू लागले. बाजारात कुणी तरी "रामराम हासलं सर!" म्हणालं तेव्हा भगवंतराव भाजीची पिशवी घेऊन घरी आले ते ताठ मानेने, वांगी दुकानातच विसरून.

आणि एक दिवस मोताळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "सर, तुमच्या बाटलीनं माह्या कपाशीची पानं करपली."

"माझी बाटली? मी बाटली विकतच नाही हो!"

"असं कसं? 'बोंड हासलं' लिहेल हाय ना वरतं!"

नांदुऱ्याचा जीवन हा भगवंतरावांचाच पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. पोरगा चलाख होता, प्रश्न छान विचारायचा. प्रश्न का विचारत होता ते आता कळलं. त्याने 'बोंड हासलं प्रो' नावाचा कोर्स काढला होता, स्वतःला 'कपाशी कोच' म्हणवत होता, आणि कोर्ससोबत एक हिरवी बाटली देत होता. भगवंतरावांनी त्याला फोन लावला.

"सर, नमस्कार! आशीर्वाद असू द्या!"

"अरे, नाव माझं आहे!"

"सर, नाव तं तुमचं भगवंतराव हाय. मी ते घेतलं का? बोंड काय तुमच्या एकट्याचं हासते?" आणि वर म्हणाला, "टीएम हाय का तुमच्याकडं?"

टीएम म्हणजे काय ते भगवंतरावांना ठाऊक नव्हतं. पण आपल्याकडे नसलेल्या वस्तूवरून विद्यार्थ्याने आपल्याला विचारावं, हे काही बरं नव्हे. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे भाकरी जेवले, भात सोडला.

शेजारचे गुलाम रसूल धावून आले. हे कापसाच्या जिनिंग कारखान्यातले जुने फिटर. एकदा साक्षीदार म्हणून कोर्टात जाऊन आलेले होते, तेव्हापासून कायद्याच्या बाबतीत सारी आळी त्यांचा सल्ला घेई, आणि न घेतला तरी ते देत.

"भगवंतभाऊ, रोता कायले? ट्रेडमार्क करून टाका. माही सून कोनासाठी वकील झाली? महेजबीनले सांगतो. दोन कागद, एक सही, खेल खतम. तो जीवन तुमच्या दारात कान धरून उभा राहते का नाही, पहा!"

महेजबीन शांत, नेमकं बोलणारी मुलगी. तिने सारं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, कोर्सचं नाव नोंदवता येतं. अर्ज एकेचाळीसच्या वर्गात जाईल. शिक्षण, प्रशिक्षण, मनोरंजन, सगळं त्यातच येतं."

"मनोरंजन?" भगवंतराव दचकले. "त्यात आणखी काय काय येतं?"

महेजबीनने खोटं बोलणं टाळलं. "सर्कसही येते."

गुलाम रसूल खुश झाले. "वा! म्हंजे उद्या हत्ती पाळला तरी वेगळा अर्ज नाही!"

मग बोधचिन्ह हवं झालं. ट्रॅक्टरवर वाघ काढणारा एक पेंटर होता, त्याच्याकडून हसणारं बोंड काढून घेतलं. त्याला आजवर वाघांचीच सवय. बोंडाला त्याने सुळे काढले. सुळे पुसायला सांगितले तर त्यावर मिशा काढल्या, आणि चित्र हुबेहूब भगवंतरावांसारखं झालं. अन्नपूर्णाबाई चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. "चांगलं हाय. पन तुमी एवढे हासले कदी?"

अर्ज गेला. महेजबीन म्हणाली, आता नावापुढे बारीक टीएम लिहायला हरकत नाही. एवढं तिने सांगायला नको होतं. भगवंतरावांनी पेंटरकडून टीएम फाटकावर लिहून घेतला, पाण्याच्या टाकीवर लिहिला, छत्रीवर लिहिला. सत्यनारायणाच्या निमंत्रणात 'बोंड हासलं टीएम परिवार' असं छापलं. पलीकडच्या शालूबाई प्रसाद घेता घेता अन्नपूर्णाबाईंना हळूच म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनं कळलं बाई. टीएम हे तुमचं कुळ का?"

भगवंतराव आता बोलताना थबकू लागले. बाजारात कुणी सहज म्हणालं की औंदा बोंड चांगलं हासलं, की ते त्याच्याकडे अशा नजरेने बघत, जशी काही त्याच्या खिशातून आपली किल्ली डोकावते आहे.

आणि मग मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयातून हरकत आली. भाषा गोड होती, अर्थ कडू होता. 'बोंड हासलं' हे शब्द कपाशीच्या व्यवहारात सर्रास वापरले जाणारे दिसतात. ते एकट्या अर्जदाराला का द्यावेत, याचा खुलासा करावा. व्हिडिओवर सुनावणी होईल.

"सर्रास!" भगवंतराव ओसरीत येरझारा घालू लागले. "तीस-पस्तीस वर्षं काळजात जपलेली हाक, आणि सर्रास!"

महेजबीन म्हणाली, "काका, दोन गोष्टी लागतील. एक, हे नाव ऐकलं की लोकांना तुमचाच कोर्स आठवतो, असं तुमच्या विद्यार्थ्यांनी लिहून द्यायला हवं. ते मी मागवते. दुसरं, हे शब्द तुमच्याकडे आले कुठून, ते शपथेवर सांगावं लागेल. ती धाडची बाई कोण?"

"अनोळखी माउली."

"अनोळखी कसं लिहू, काका?"

गुलाम रसूल पुढे सरकले. "अरे, माय करून टाका! भगवंतभाऊच्या माय अल्लाले प्याऱ्या झाल्या. त्यायले कोन इचारते? माय म्हनलं का पंच बी टोपी काढते."

"अब्बा," महेजबीन म्हणाली, "शपथेवर आहे ते."

"मंग काय झालं? शपथ मायचीच घ्यायची!"

भगवंतरावांनी मनातल्या मनात तपासून पाहिलं. त्यांच्या मातोश्री जन्मात वावरात उतरलेल्या नव्हत्या. गादीतला कापूस तेवढा त्यांच्या ओळखीचा. सून आणताना त्यांनी मध्यस्थाला बजावून सांगितलं होतं, "मुलगा साहेब आहे. ढेकळं तुडवणारी पोरगी नको." आणि अन्नपूर्णाबाईंच्या वडिलांनी शब्द दिला होता, "आमच्या पोरीनं वावराचं तोंड पाह्यलं नाही." तर अशा मातोश्रींना कपाशीत उभं करून ओरडायला लावायचं म्हणजे जरा जडच होतं. पण करपलेली पानं डोळ्यांसमोर येत. जीवनच्या बाटल्या रोज कुणाच्या तरी घरी जात होत्या, आणि शिव्या भगवंतरावांच्या नावाला पडत होत्या. संध्याकाळी त्यांनी बायकोला मसुदा वाचून दाखवला: 'माझी दिवंगत आई धाड शिवारात कापूस वेचताना...'

स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण पडलं आणि गोल फिरत राहिलं.

"सासूबाई? वावरात?"

"कायद्याची गरज आहे."

अन्नपूर्णाबाईंनी झाकण उचलून जागेवर ठेवलं. चहा मात्र त्या दिवशी खरोखरच थंड आला.

दरम्यान पुरावा म्हणून बायांचे जबाब घ्यावेत अशी गुलाम रसूल यांना स्फूर्ती झाली. भगवंतरावांची विद्यार्थिनी सिंधूताई हिच्या वावरात सीतादही होती. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी आपल्याकडे बाया धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधाशी, लहान दगड मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, दहीभात ठेवतात, आणि पहिल्या बोंडांचा कापूस काढून त्या दगडांवर पांघरतात, जसं थंडीत लेकराला पांघरावं. मग ओटी बांधून वेचायला लागतात. भगवंतराव सपत्नीक गेले. गुलाम रसूल मोबाईल घेऊन गेले आणि आजूबाजूच्या जगाला दिसावं म्हणून त्यांनी चित्रण थेट कोर्सच्या चॅनेलवर सोडलं.

बेत असा होता: पूजा झाली की सिंधूताई बोलणार, 'बोंड हासलं हे आमच्या सरांचं वाक्य'. झालं असं: दहीभात ठेवला, कापूस पांघरला, आणि सिंधूताईने पदर खोचून गाणं धरलं,

"बोंड हासलं हासलं, त्याचे पांढरे गं दात
काटा बोचला बोटाला, तरी थांबेना वं हात!"

आणि साऱ्या बाया एका सुरात: "बोंड हासलं वं! बोंड हासलं!"

भगवंतरावांच्या तोंडून निघून गेलं, "थांबा! थांबा! ते नोंदणीत आहे!"

वावर चिडीचूप झालं. एक साळुंकी तेवढी बोलली, तिला कायदा ठाऊक नव्हता.

"काय म्हनता सर?" सिंधूताईने कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे... ते वाक्य... माझ्या नावावर होतंय."

"अरे देवा! हे तं माह्या आजीसासूचं हाय."

"तुह्या आजीसासूनं कुठून आनलं? ते आमच्या माहेरचं," दुसरी म्हणाली.

"सर, मंग आता आमी काय म्हनाचं? बोंड रडलं म्हनाचं का?"

"नाही तं परवानगी काढून हासवा बोंडाले!"

हसण्याचा असा लोट उठला की धुऱ्यावरचा बैल उठून उभा राहिला. भगवंतराव उन्हात लाल झाले. मदतीच्या आशेने त्यांनी बायकोकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाई जराशा दूर, कपाशीच्या ओळीत वाकल्या होत्या. दोन्ही हातांनी, दोन बाजूंची बोंडं, बघता बघता ओटी भरत होत्या. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नवख्याची बोटं रक्ताळतात; यांच्या बोटाला ओरखडा नव्हता.

"तुला हे कसं जमतं?"

"पाहू पाहू येते," त्या वर न बघता म्हणाल्या. त्यांचे कान मात्र लाल होते.

थेट चित्रण सगळ्यांनी पाहिलं, जीवननेही. त्याने ते 'सरांचा पुरावा पहा' म्हणून पुढे पाठवलं. भगवंतराव चार भिंतींत बसून राहिले. फाटकावरचा टीएम पुसावा असं मनात आलं. पण पेंटरने ट्रॅक्टरचा रंग वापरला होता, तो निघेना.

सुनावणीच्या दुपारी घर भरलं. गुलाम रसूल इस्त्रीचा कुर्ता घालून आले. शालूबाई 'सहज' आल्या आणि चटई घेऊनच आल्या. भगवंतरावांनी वर निवृत्तीची शाल घेतली. खाली लुंगी, कारण खालचं मुंबईला दिसणार नव्हतं. डब्यांवर लॅपटॉप चढला. पडद्यावर अधिकारी मॅडम आल्या, वयाने मध्यम, डोळ्यांवर चष्मा, आवाज समजूतदार.

महेजबीनने सुरुवात केली. "मॅडम, अर्जदाराच्या विद्यार्थ्यांची पत्रं जोडली आहेत. आम्ही त्यांना विचारलं होतं, खरा कोर्स तुम्ही कशावरून ओळखता?"

"वाचलीत मी," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही वाचलीत का?"

महेजबीन जरा घुटमळली. "हो, मॅडम."

"मग एक मोठ्याने वाचा."

"'ज्या कोर्समध्ये चहा थंड होतो, तो खरा सरांचा.'"

"दुसरं?"

"'बोंड तर सगळेच हासवतात. आतून बाईचा आवाज आला की आम्ही समजतो, हा माणूस घरातून बोलतोय, दुकानातून नाही.'"

"सगळी अशीच आहेत," मॅडम म्हणाल्या. "एकाने लिहिलंय, त्या दुसऱ्या कोर्सवाल्यानेही चहा थंड होतो असं म्हणवून घेतलं, पण तो लगेच उठून चहा गरम गरम पिऊन आला, तिथेच पकडला गेला." त्यांनी चष्मा काढून पुसला, बहुधा हसू पुसण्यासाठी. "भगवंतराव, 'बोंड हासलं' हे शब्द तुम्हाला एकट्याला देता येणार नाहीत. सीतादहीचं चित्रण मी पाहिलंय. ते त्या सगळ्या बायांचे आहेत. पण लोक तुम्हाला ओळखतात ते त्या चहाच्या वाक्याने. ते नोंदवायचं तर वेगळा अर्ज करा, आणि ज्यांचं आहे त्यांची संमती घ्या. कोण आहेत त्या?"

सगळ्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. अन्नपूर्णाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"बोला ना भाभी, हो म्हना!" गुलाम रसूल कुजबुजले, त्यांची कुजबुज धाडपर्यंत जाई.

"हाव, माहंच हाय ते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "नोंदवा. चहा कोनाचाबी थंड होऊ शकते, पन यांचा थंड झाला, हे मीच म्हनीन."

भगवंतरावांच्या छातीवरून काही तरी उतरलं आणि काही तरी राहिलं. वर्षानुवर्षं कापायला निघालेलं वाक्य हेच त्यांचं नाव निघालं होतं. मोताळ्याच्या माणसाला आता सांगता येणार होतं, बाटली पाहू नको बाबा, चहा ऐक.

"ठीक," मॅडम कागद आवरत म्हणाल्या. "फक्त नोंदीसाठी एक. 'बोंड हासलं' तुम्ही प्रथम कुणाकडून ऐकलंत? उत्तर शपथेवरचं समजलं जाईल."

गुलाम रसूल यांनी डोळ्यांनी 'माय, माय' असं खुणावलं. भगवंतरावांनी शाल सावरली. घसा साफ केला.

"माझ्या दिवंगत आ..."

"सासूबाईले मधात नका आनू," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. पदर खांद्यावर घेतला. पडद्यातल्या मॅडमकडे त्या बघत नव्हत्या, शालूबाईंकडेही नाही. भगवंतरावांकडे बघत होत्या. आणि इतकी वर्षं संसार करूनही भगवंतरावांना वाटलं, ही बाई आपल्याकडे पहिल्यांदाच बघते आहे.

"ते मी होती."

"काय?"

"धाडच्या अलीकडं, एसटी बंद पडली होती. ते वावर माह्या मामाचं, मी वेचाले गेली होती. मंग म्हयन्याभरात तुमचं स्थळ आलं, आन बाबानं शब्द देल्ला का पोरीनं वावराचं तोंड पाह्यलं नाही. बाबाचा शब्द खाली कसा पाडू? मंग मी नाहीच पाह्यलं वावर. तुमी दर डाव मोबाईलसमोर डोळे मिटून अनोळखी माउली, अनोळखी माउली करत राह्यले, आन मी आत मोहरीची वाट पाहत राह्यली."

"पण..." भगवंतराव म्हणाले, "ती तूच कशावरून?"

"तुमी बगळ्यावानी एका पायावर उभे होते. बूट पँटीले पुसत होते. आन दुसऱ्या हाकेले सराट्यात बसले."

शालूबाईंनी तोंडाला पदर लावला. भगवंतरावांचा हात नकळत लुंगीच्या मागच्या बाजूकडे गेला.

"म्हणजे ती दुसरी हाक..." ते हळूच म्हणाले. "मी तर सगळ्यांना सांगत आलो, ती काळ्या आईनं..."

"काऊन काळी आई?" अन्नपूर्णाबाईंनी कप उचलून त्यांच्या हातात दिला. कप गरम होता. "पयलं बोंड खरंच हासलं होतं. दुसऱ्या वक्ती कुठलं बोंड अन् कायचं काय! तुमाले पाहून मीच हासली होती."